हॅकलच्या सशाचे पोट

दोरीची अकरावी गाठ गवतात टेकली आणि ऑड्री पिन्नेलने दोरी पुन्हा एकदा ताणून पाहिली. गाठ तिथे टेकायलाच नको होती. सशाच्या पोटाची जुनी पांढरी रेषा तिच्यापासून चांगली तीन फूट खाली, उन्हात लखलखत पडली होती.

हॅकल टेकडीच्या दक्षिण उतारावर खडूचा ससा आहे. अंगभर हिरवा, कडेने पांढरा, नाकापासून शेपटीपर्यंत शंभर पावले. दर सात वर्षांनी, जूनमधल्या एका शनिवारी त्याची घासणी होते. रेषांमध्ये शिरलेले गवत खरडायचे, खाणीतला ताजा खडू पसरायचा आणि धुम्मसाने ठोकून बसवायचा. मात्र रेषा कुठून जावी हे माणसाने ठरवायचे नसते. ते दोरी ठरवते. सशाच्या पाठीवर एक लोखंडी खिळा पुरलेला आहे. त्यात दोरीचे टोक अडकवून ती चर्चच्या मनोऱ्याच्या रोखाने खाली ताणली, की अकरावी गाठ टेकेल तिथून पोट. युद्धाच्या काळात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून अख्खा ससा माती आणि झाडपाल्याखाली गाडला होता. तो पुन्हा उकरला गेला तो याच दोरीच्या मापाने. तेव्हापासून दोरीचा शब्द शेवटचा.

दोरी राखण्याचा मान वरच्या हॅकल गावाचा. पण अट अशी, की बाराचा टोल पडायच्या आत सगळ्या खुंट्या दोरीबरहुकूम रोवल्या गेल्या नाहीत, तर दोरी खालच्या हॅकलकडे जाणार. आजवर ती कधी गेली नव्हती. यंदा क्लेमेंटकाकांचे गुडघे बोलू लागले म्हणून त्यांनी दोरी पुतणीच्या हाती सोपवली. चाळीस वर्षे जिल्हा कचेरीत नकाशे काढणाऱ्या ऑड्रीपेक्षा मापाला पक्के माणूस दोन्ही गावांत नव्हते.

खालच्या हॅकलचा डेनिस ग्राइस इस्त्रीचा कोट घालून आला होता. सोबत दोरी न्यायला स्वच्छ धुतलेले पोते आणले होते.

"काय ऑड्रीबाई, ससा आजारी पडला का? पोट पार पाठीला लागलंय!"

"डेनिस, तुझं तोंड सात वर्षांतून एकदाच उघडत जा."

"मी काय म्हणतो, मारा खुंटी. दोरीचा शब्द शेवटचा, हे तुमचेच लोक सांगतात ना?"

ऑड्री खुंटी घेऊन वाकली आणि तशीच थांबली. गाठीच्या अगदी खाली, गवताच्या झुपक्यात चंडोलाचे घरटे होते. चार पिल्ले, चार पिवळ्या चोची, आणि चारही चोचींना खात्री, की ही वाकलेली बाई अळी घेऊनच आली आहे. वर आभाळात त्यांचा बाप गाऊन गाऊन जीव टाकत होता.

खुंटी इथे मारली तर पाठोपाठ फावडी येणार. नाही मारली तर दोरी गेली. घड्याळात अकराला पाच कमी होते.

उताराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलेल्या क्लेमेंटकाकांनी कर्णा तोंडाला लावला. "पोरी, एवढा वेळ काय करतेस? गाठ आहे ती, बटाटे नव्हेत निवडत बसायला!"

ऑड्री दोरी घेऊन भराभर खाली उतरली. "काका, दोरी तीन फूट आखूड भरतेय."

"दोरी आखूड भरत नाही. माणसं भरतात."

"मी दोनदा ताणून पाहिलं."

काकांनी दोरीचे लोंबते टोक हातात घेतले, चुरगळले, नाकाशी नेले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हिला साबणाचा वास कसा येतोय?"

"परवा धुतली," ऑड्री म्हणाली. "सात वर्षं घंटेच्या मनोऱ्यात पडलेली, काका. घुबडांनी तिच्यावर संसार केला होता."

"धुतली?" कर्णा अजून तोंडाशीच असल्यामुळे हा प्रश्न दोन्ही गावांनी ऐकला. "तीनशे वर्षांत त्या दोरीला कुणी पाणी दाखवलं नाही, आणि तू धुतलीस?"

मग डेनिस जो हसत सुटला तो खाली बसला, आणि त्याच्या इस्त्रीच्या कोटाला मेंढ्यांच्या लेंड्या लागल्या.

काकांनी कर्णा खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "कुणाला सांगू नकोस. लढाईनंतर ससा उकरला तेव्हा पाऊस होता. मी दहा वर्षांचा होतो. ओली दोरी आखडली आणि डावा कान आखूड आला. सैतानानं कातरला, ही गोष्ट माझ्या बापानं पसरवली."

ऑड्रीला मोठा धीर आला. ओलीने ताग आखडतो; वाळला आणि ताणला, की सैल पडतो. दोरी वरून कोरडी दिसत होती, पण पीळ उलगडून बोट घातले तर आत दमट होती. चूक सापडली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेल्या निम्म्याला तासभर होता.

"वारा कुठे आहे?" तिने विचारले, आणि स्वतःच माथ्याकडे बोट दाखवले.

माथ्यावर लोहयुगातल्या लोकांनी घातलेला मातीचा गोल बांध आहे, बाहेरून खंदक. वरच्या हॅकलच्या चाळीस माणसांनी दोरी डोक्यावर धरली आणि त्या बांधावरून धावायला सुरुवात केली. टोपी उडाली ती कुणी उचलली नाही. पाद्रीबाईंनी झगा कमरेला खोचला. पहिल्या फेरीत लोक धापा टाकत होते, दुसऱ्या फेरीत गात होते, तिसऱ्या फेरीत मेंढ्या मागे लागल्या, आणि चौथ्या फेरीला बेकरीवाली मिसेस टॉलर घसरली. दोरी तिने सोडली नाही, त्यामुळे पाठोपाठ एकोणतीस माणसे खंदकात उतरली. आमरीची फुले आणि निळी फुलपाखरे बाजूला झाली म्हणून वाचली. खंदकाच्या तळातून हसण्याचा एकच गदारोळ उठला.

दोरी वाळली होती. पण मोजून पाहिली तर अजून फूटभर कमी.

आता ती नुसती ताणायची होती, आणि वरच्या हॅकलच्या अंगात खुर्ची उचलण्याचेही त्राण उरले नव्हते. ऑड्रीने खालच्या हॅकलच्या लोकांकडे पाहिले. सायडर पीत, पाय पसरून, मजा बघत बसलेले ताजेतवाने पन्नास लोक.

"डेनिस," ती गोड आवाजात म्हणाली, "दोरी न्यायला आलास खरा, पण तुमच्या गावात ती ओढायला मनगटं आहेत का?"

"म्हणजे काय?"

"रस्सीखेच. मधे खंदक. तुमचे वीस, आमचे वीस. की कोटाची इस्त्री मोडेल?"

डेनिसला डाव कळला. तसा तो हुशार होता. पण मागे त्याची बायको मार्जरी बाह्या सरसावून उभीच राहिली होती. "बसा हो तुम्ही!" ती म्हणाली. "पोतं सांभाळा." आणि तिने दोरी धरली.

पुढची दहा मिनिटे हॅकल टेकडीने जे पाहिले ते रोमन लोकांच्या स्वारीतही पाहिले नसावे. दोरी करकरली. टाचांखालची माती निघून आतला खडू दिसू लागला. एकदा मार्जरी खंदकाच्या काठापर्यंत आली, एकदा पाद्रीबाई. दोन्हीकडून एकमेकांच्या आजोबा-पणजोबांचा मोठ्या आवाजात उद्धार झाला. शेवटी सगळे एकदमच हसू लागले, हातांतले बळ गेले, आणि दोन्ही गावे खंदकात एकमेकांच्या अंगावर कोसळली. कोण जिंकले यावर आजही एकमत नाही.

ऑड्रीने दोरी उपसून घेतली आणि उतारावर पळत सुटली. खिळा, मनोरा, रोख. तिने दोरी खाली ताणली. दुसऱ्याच क्षणी तिने डोळे मिटले.

अकरावी गाठ घरट्यापासून सुखरूप खाली गेली होती. जुन्या रेषेपर्यंत गेली होती. आणि जुनी रेषा ओलांडून आणखी चार वितीही गेली होती.

"आता लांब झाली!" डेनिस खालून ओरडला. "जुन्याच जागी मारा खुंटी, कुणी बघत नाही!"

दोरीचा शब्द शेवटचा म्हणणारा तोच हे सांगत होता. ऑड्रीने त्याच्याकडे पाहिले, वर गाणाऱ्या चंडोलाकडे पाहिले, आणि गाठीच्या बरोब्बर खाली खुंटी ठेवून हातोडा घातला. उरलेल्या खुंट्या दोन्ही गावांनी मिळून पळत पळत ठोकल्या. शेवटच्या खुंटीवर घाव पडला आणि मनोऱ्यातून बाराचा पहिला टोल आला.

संध्याकाळी पायथ्याशी सगळे सायडरचे पेले घेऊन वर बघत उभे होते. नव्या खडूचा ससा उन्हात झगझगत होता, आणि त्याचे पोट चांगले गोल, खाली सुटलेले होते.

मार्जरीने मान तिरकी करून बराच वेळ पाहिले. "अहो, हा ससा नाही," ती म्हणाली. "ही सशीण आहे. आणि दिवस भरत आलेत हिचे."

क्लेमेंटकाकांनी पाहिले. पाद्रीबाईंनी पाहिले. तीनशे वर्षांची समजूत कुणी एवढ्या सहज मोडीत काढली नव्हती, पण ते पोट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

"बारसं कधी?" डेनिसने विचारले, आणि दोरीसाठी आणलेले रिकामे पोते अंथरून त्यावर ऐसपैस बसला. ऑड्री त्याच्या शेजारी टेकली. हसून हसून तिच्या बरगड्या दुखत होत्या. वर, त्या सुटलेल्या पोटाच्या आत, चंडोलाची मादी चोचीत अळी घेऊन गवतात उतरत होती.