कमरेतून येणारं इंग्रजी

दवाखान्यात पेशंटचे व्यायाम घेणाऱ्या आक्कांची नोकरी ऐन उतारवयात इंग्रजीवर येऊन अडली. परदेशी पेशंट यायला लागले होते. "उभं कसं राहायचं, वाकायचं कसं, हे त्यांना इंग्रजीत सांगता आलं तरच ठेवीन," नव्या मॅडमनी बजावलं होतं.

सुनेनं चंगच बांधला. पण आक्कांच्या डोक्यात पाठांतर टिकेना, म्हणून तिनं ते त्यांच्या अंगात भरलं. वरच्या फळीवरचा डबा काढताना 'स्टँड अप स्ट्रेट'. सोफ्याखालचा केर ओढताना 'बेंड युअर नीज'. वॉशिंग मशीनमधले कपडे उपसताना 'लीन फॉरवर्ड'. आणि नवऱ्याला फैलावर घेताना 'फोल्ड युअर आर्म्स'. हा शेवटचा धडा आक्का दिवसातून कितीदा तरी गिरवायच्या.

परीक्षेला मॅडमनी बसायला खुर्ची दिली आणि तिथंच घात झाला. बसल्या जागी आक्कांना एक शब्द सुचेना.

"मॅडम, मी जरा काम करत बोलू?"

"कसलं काम?"

आक्का उठल्या आणि कपाटाच्या माथ्यावर हात ताणला. पाठ ताठ झाली, शब्द टुणकन बाहेर. टेबलाखाली नसलेला केर ओढला, गुडघे वाकले, तेही इंग्रजी आलं. फायलींच्या खणात मुंडकं घालून त्या 'लीन फॉरवर्ड' म्हणाल्या, तेव्हा मॅडमनी आपला चहा उचलून लांब ठेवला.

"आता हाताची घडी."

आक्कांनी घडी घातली. जीभ ढिम्म. राग आणायचा कुठून? मॅडमनी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

"बाहेर आमचे हे बसलेत. त्यांना आत घेऊ?"

नवरा आत आला. त्याच्या हातातल्या पिशवीतून पाण्याची धार लागली होती.

"अहो, बाटलीचं झाकण काय शेजाऱ्यांनी येऊन लावायचं?" आक्कांच्या हातांची घडी आपसूक आवळली. "फोल्ड युअर आर्म्स," त्या कडाडल्या.

नवऱ्याची मान सवयीनं खाली गेली. "हँग युअर हेड," तो पुटपुटला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मॅडमनी हसू दाबत विचारलं.

"सूनबाईनं. हिच्या सरावाला समोर मीच उभा असायचो ना."

"बरं, आक्का, नोकरी तुमचीच. पण हाताची घडी सांगायला रोज एवढा राग कुठून आणाल?"

"त्याची काळजी नको," नवरा रुमालानं फरशी टिपत म्हणाला, "मी डबा घेऊन येतोच की."