रद्द झालेली नोंद

मित्रांनो, सरकारी कार्यालयातल्या कपाटाच्या खालच्या खणात, काळ्या पेटीत पडून असलेला मी एक जुना ध्वनिमापक आहे. आवाज किती मोठा आहे, हे मी डेसिबलमध्ये सांगतो आणि मोजताना ऐकलेला आवाज पोटात साठवूनही ठेवतो. तोंडावर फोमची गोल टोपी, पोटावर आकड्यांची काच आणि स्वभाव जरा हट्टी. मला कुणाचीच भीड पडत नाही.

माझी पहिली परीक्षा भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत झाली. तिथे माणसाला स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटे. तिथून मी भिलाईच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयात आलो आणि सीमा मॅडमच्या हाती पडलो. त्या नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची मुलगी. कामावर निघताना त्या माझ्या तोंडाला एक छोटी डबी लावत. डबीतून चौऱ्याण्णव डेसिबलचा सूर निघे. मी चौऱ्याण्णवच दाखवले, तरच मी त्या दिवशी खरा. मिरवणुकांचे भोंगे मी मोजले, लग्नांचे बँड मोजले. माझा आकडा पाहून भलेभले आवाज खाली करत. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मग एकदा सकाळी अकराच्या सुमारास आम्ही खुर्सीपारच्या एका गल्लीत गेलो. तक्रार देवरावांची होती. भंडाऱ्याकडून आलेला हा माणूस प्लांटच्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, रोलिंग मिलमध्ये राबून निवृत्त झाला होता. त्यांच्या भिंतीला लागूनच एक खाजगी वर्कशॉप होते. तिथले हॅमर मशीन दिवसभर लोखंडी पट्ट्या ठोकत असे. देवरावांची नात भूमिका पाच वर्षांची. तिला जन्मापासून कमी ऐकू येई, म्हणून कानात यंत्र बसवले होते. पण ते यंत्र हॅमरचा आवाजही मोठा करी. पोर रडून ते काढून फेकी. आणि डॉक्टरांनी तर बजावले होते, की आताच ऐकले नाही, तर ही बोलायची राहून जाईल.

सीमा मॅडमनी मला तिकाटण्यावर उभे केले. मोजणी सुरू झाली. तेवढ्यात देवराव अगदी माझ्याजवळ आले आणि ओरडले, "आयका ना मॅडम! कसा धडधड करून राहिला! आमचं कावून नाही आयकत कोणी?"

मिलमध्ये आयुष्य काढलेली माणसे अशीच मोठ्याने बोलतात. त्यांना वाटते, आपण हळूच बोलतोय. त्या वेळी मोजणी थांबवून पुन्हा सुरू करायला हवी होती. पण वडीलधाऱ्या माणसाला "गप्प बसा" कसे म्हणायचे? सीमा मॅडम संकोचल्या आणि मान डोलावत ऐकत राहिल्या. मी सगळे मोजले. आकडा आला बहात्तर.

आमच्या कार्यालयात तक्रारीची सुनावणी झाली, तेव्हा वर्कशॉपचे वकील म्हणाले, "ही प्लांटजवळची जागा आहे. इथे औद्योगिक भागाची पंचाहत्तरची मर्यादा चालते. घरांचा नियम इथे लागूच होत नाही." अधिकाऱ्यांनी सरकारी नकाशा उघडला. गल्ली निवासी भागात होती. "घरांचाच नियम लागू आहे," ते म्हणाले. "दिवसा पंचावन्न."

मी मनात म्हटले, जिंकलो! पण वकिलांनी माझ्या पोटातला आवाज सर्वांना ऐकवला. त्यात देवराव ओरडत होते. अधिकाऱ्यांनी मान हलवली. नियम लागू होता, पण माझी नोंद रद्द झाली. देवरावांना यातले काहीच नीट ऐकू आले नव्हते.

"काय म्हणून राहिले ते?" त्यांनी विचारले.

सीमा मॅडमना भर दालनात मोठ्याने सांगावे लागले, "काका, तुमचाच आवाज भरला हाये त्यात."

"माह्या आवाजानं? माह्या नातीचं मीच बिघडवलं का?"

"नाही काका. चूक माही हाये. मीच तुमाले थांबवाले पायजे होतं."

मला फार लाज वाटली. मी खोटे काहीच बोललो नव्हतो, तरी त्या म्हाताऱ्याच्या काही कामी आलो नाही.

दुसऱ्या मोजणीला हॅमर सोडला तर गल्ली चिडीचूप होती. देवरावांच्या पत्नीने, सिंधुताईंनी, कुकर गॅसवरून उतरवला. देवराव तोंडात गमछा कोंबून ओट्यावर बसले. मोजणी चालू असताना भूमिका आली, त्यांच्या गुडघ्याला बिलगली आणि काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलले एवढेच दिसले. तिचा आवाज हॅमरखाली पार बुडाला. माझ्या नोंदीत तो सापडतच नाही. देवरावांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते हलले नाहीत. आकडा आला अडुसष्ट. ती नोंद टिकली आणि हॅमर मशीन हथखोजच्या औद्योगिक भागात हलवायचा आदेश निघाला.

आता मी म्हातारा झालो. माझी तपासणी दोन वर्षे झालेली नाही आणि तपासणी नसलेल्या यंत्राचा आकडा कुणी मानत नाही. मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. आणि कधी आवाज मोजणारा तुमच्या दारी आला, तर थोडा वेळ गप्प राहा. कुणाचे तरी बोलणे त्यावर अडलेले असते.

मशीन हलल्यावर आम्ही पाहणीला पुन्हा त्या गल्लीत गेलो होतो. काचेवर एकोणपन्नास दिसत होते. भूमिका ओट्यावर खेळत होती, कानात यंत्र होते. मध्येच ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "आबाजी!" देवरावांनी ओ दिली, नेहमीसारखीच, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

या वेळी सीमा मॅडमनी नियमाप्रमाणे मोजणी लगेच थांबवली, ती नोंद रद्द केली आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. पण रद्द केलेली नोंद त्यांनी पुसली नाही. ती अजून माझ्या पोटात आहे.