तिसरं निरीक्षण

“बेटा, एकच सांगतो. पोरगं कितीही छळू दे, त्याला वर्गाच्या बाहेर काढायचं नाही.”

नागपूरहून बाबांचा फोन होता. चौतीस वर्षं कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवून रिटायर झालेला माणूस; मुलगी शिक्षिका होणार म्हटल्यावर त्यांना राहवेना. जागृतीने रिसीव्हर खांद्यात दाबून धरला होता आणि कडेवरच्या अंकुरचं नाक पुसत होती.

“बाबा, ही अमेरिका आहे. इथे नुसतं ओरडलं तरी आईबाप येतात भांडायला. आणि माझं ट्रेनिंग झालंय सहा आठवड्यांचं.”

“सहा आठवडे,” बाबा म्हणाले. “बरं. जय भीम.”

फोन ठेवून ती लतामावशींकडे बघून हसली. “आमचे बाबा अजून छडीच्या जमान्यात आहेत.”

लतामावशी टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये शेजारच्याच अपार्टमेंटमध्ये राहायच्या. जागृती शाळेत गेली की अंकुरला त्याच सांभाळणार होत्या. ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, ब्याण्णवच्या ऑगस्टमधली.

त्याआधी जागृती केमिस्ट होती. ती आणि नवरा विवेक एकाच तेलकंपनीत. आदल्या वर्षी दोघांच्याही नोकऱ्या एकाच शुक्रवारी गेल्या. आणि त्याच उन्हाळ्यात अंकुर दोन महिने आधी जन्माला आला, छातीत घरघर घेऊनच. विवेकला लुइझियानात काहीबाही कंत्राटी कामं मिळत, पण त्यात इन्शुरन्स नव्हता. शाळेच्या नोकरीत होता. टेक्सासला तेव्हा शिक्षक मिळत नव्हते. दुसऱ्या पेशातली पदवीधर माणसं घ्यायची, उन्हाळ्यात सहा आठवडे धडे द्यायचे आणि थेट वर्गात उभं करायचं. वर्षभर इंटर्न म्हणून शिकवा, गुरुवारी संध्याकाळी स्वतः क्लासला बसा, प्रिन्सिपलने तीनदा वर्गात बसून निरीक्षण करायचं, आणि शेवटी त्याची सही झाली तर लायसन्स. नाही झाली तर नोकरी गेली, इन्शुरन्स गेला, आणि अंकुरचा फुप्फुसांचा डॉक्टरही गेला. रोज संध्याकाळी अंकुर निजला की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला श्वास जाणवला की मगच पेपर तपासायला बसायची.

तिला मिळाला सातवीचा सायन्सचा वर्ग. शाळेच्या इमारतीत जागा नव्हती म्हणून मागच्या मैदानात लाकडी खोल्या आणून ठेवल्या होत्या, त्यातली एक. तिचं दार व्हरांड्यात नाही, सरळ उघड्यावर उघडायचं. वर हातभर छप्पर, तीन पायऱ्या, की खाली चिखल.

त्या वर्गात डेनिशा होती. बारा वर्षांची, काळी, काटकुळी, जांभळं दप्तर. हात वर न करता बोलायची. आणि बोलायची ते बरोबर असायचं, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या निरीक्षणाला प्रिन्सिपल मिस्टर डॉसन मागे बसलेले असताना जागृतीने फळ्यावर एक समीकरण लिहिलं, आणि डेनिशा जागेवरून म्हणाली, “मिस, ऑक्सिजन कमी पडला तुमचा. गुदमरतील ना सगळे!”

वर्ग खो खो हसला. जागृतीही हसली असती, एरवी. डॉसननी कागदावर लिहिलं: वर्गावर पकड नाही. जाताना म्हणाले, “तिसऱ्यांदा मला हे दिसायला नको, मिसेस गजभिये.”

फेब्रुवारीतल्या ज्या मंगळवारी तिसरं निरीक्षण होतं, त्या पहाटे अंकुरला ताप भरला. विवेक लुइझियानात. तिने लतामावशींच्या हातात औषधाची बाटली दिली, तीनदा मात्रा सांगितली, शाळेत पोचल्यावर ऑफिसमधून पुन्हा फोन केला.

“अगं, खेळतोय तो,” मावशी म्हणाल्या. “मी चार पोरं वाढवली यार, एक सांभाळू शकत नाही का? जा, तू तुझी परीक्षा दे.”

तिसरा तास. तिने हजेरी घेतली. डॉसन यायला पाच मिनिटं होती. बाहेर भुरभुर पाऊस. तिने फळ्यावर समीकरण लिहायला घेतलं आणि मागून आवाज आला, “मिस, आज तरी नीट मोजा हं.”

पाठीमागे खसखस पिकली. जागृती वळली.

“डेनिशा, बाहेर.”

“व्हॉट? मी काय केलं?”

“बाहेर उभी राहा. मी बोलवेपर्यंत.”

“पाऊस आहे, मिस.”

“वर छप्पर आहे.”

पोरीने दप्तराकडे हात नेला, मग राहू दिला. दार लागलं. आवाज येतो म्हणून जागृतीने कडीही सरकवली.

पाच मिनिटांनी टकटक झाली. तिने दार उघडलं. डॉसन छत्री झटकत आत आले. त्यांच्या मागे तिन्ही पायऱ्या रिकाम्या होत्या. लाकडावर दोन ओले पाय उमटलेले, ते खाली चिखलात उतरून गेले होते.

जागृतीने ते बघितलं. आणि दार लावलं.

डॉसननी जांभळं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि डेनिशाच्या खुर्चीवर बसले. पुढची चाळीस मिनिटं जागृतीने आयुष्यात शिकवलं नव्हतं इतकं चांगलं शिकवलं. मुलं हात वर करून बोलली. ऑक्सिजन पुरला. ती मनाशी म्हणत होती, बाथरूमला गेली असेल. नर्सकडे गेली असेल. आता घंटा होईलच.

“आज वर्ग तुमच्या हातात होता,” डॉसन म्हणाले आणि तिथेच, गुडघ्यावर फाइल ठेवून त्यांनी सही केली.

घंटा झाल्यावर ती धावत बाथरूमला गेली, नर्सकडे गेली, बसथांब्यापर्यंत गेली. तोवर फ्रीवेच्या बाजूच्या रस्त्यावर अँब्युलन्स येऊन गेली होती. पावसात एक पिकअप गाडी वेळेवर थांबली नव्हती. पोरगी घरी चालली होती, भर पावसात, दप्तराशिवाय. जीव वाचला. डावा पाय आणि कंबर मोडली.

शाळेच्या रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं: विद्यार्थिनी परवानगीशिवाय शाळेबाहेर गेली. हजेरीत ती हजरच होती ना.

दोन दिवसांनी जागृती डॉसनच्या केबिनमध्ये गेली. “सर, तिला बाहेर मी...”

त्यांनी हात वर केला. “मिसेस गजभिये, रिपोर्ट गेला आहे. तुमचा कागदही गेला आहे. तुम्हाला बाळ आहे ना लहान?”

“हो सर.”

“मग जाऊन शिकवा.”

त्यांनी तिला थांबवलं, हे खरं. पण ती थांबली, हेही तेवढंच खरं.

दप्तर न्यायला डेनिशाची आई आली, नर्सिंग होममधल्या कामाच्या निळ्या कपड्यांतच. “तुम्हीच सायन्सच्या मिस? तिला तुमचा तास फार आवडायचा,” ती म्हणाली. जागृतीने दप्तर दिलं. महिनाभरात ते कुटुंब नातेवाइकांकडे ब्यूमाँटला निघून गेलं.

जूनमध्ये लायसन्स पोस्टाने आलं. बाबांना फोन केला तेव्हा ते कितीतरी वेळ आनंदाने बोलत राहिले. मग तिने सगळं सांगितलं.

“तुझा आजा चौथीपर्यंत दाराबाहेर बसला,” बाबा म्हणाले. “पावसातही. मास्तर वाईट नव्हता म्हणायचा. मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. फक्त वळून बघायचा नाही.”

फोन ठेवताना ते जय भीम म्हणाले नाहीत. विसरले असतील.

जागृती अजून त्याच लाकडी खोलीत शिकवते. दार उघडं ठेवते. उन्हाळ्यात एसी वाया जातो म्हणून ऑफिसकडून चिठ्ठी येते, ती घडी करून ड्रॉवरमध्ये टाकते. अंकुर आता पळतो, छाती पुष्कळ सुधारली. ब्यूमाँटला ती दोनदा जाऊन आली. पत्ता सापडला नाही, आणि सापडला असता तर पायऱ्या चढली असती की नाही, तिला माहीत नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला कुणी त्या बाजूचं भेटलं की प्रसादाची वाटी हातात तशीच धरून ती विचारते; हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून मंडळाच्या या अंकात मीही विचारते. तुमच्यापैकी कुणी ब्यूमाँटकडे राहत असेल, तर तिथल्या शाळेत डेनिशा नावाची मुलगी आहे का बघा. आता पंधराची असेल. डावा पाय ओढत चालत असेल. हात वर न करता बोलत असेल तर बरं आहे. गप्प बसत असेल तर मात्र कळवा.