पांढरा अण्णांचा, पिवळा अनिलचा

"ह्या क्लबातले दिवे मेले दिवसेंदिवस पिवळे होत चाललेत," अण्णा टेबलावर वाकल्या वाकल्या पुटपुटले. मी गुणफळ्यापाशी, दोन हातांच्या अंतरावर उभी होते, म्हणून ऐकू आलं. दिवे दिवाळीतच बदललेत, पांढरेफेक.

अण्णा म्हणजे माझे वडील, दादू सुर्वे; बंदर खात्यात कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी बिलियर्ड्सचे राज्य विजेते. नऊ वेळा. हौशी खेळाडू म्हणजे काय, हे आमच्या घरी विचारावं. बक्षिसातल्या तीन कुकरांत आमचा भात शिजला. इथल्या दमट हवेत टेबलाचं लोकरीचं कापड जड होतं, म्हणून दर रविवारी ते घरची इस्त्री क्लबात नेऊन टेबलावर फिरवतात. माझ्या साड्यांना कायम त्या लोकरीचा वास. गुण मांडायला मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

एकोणनव्वदच्या अंतिम सामन्यात त्यांची बाही बॉलला लागली. पंचांना दिसलं नव्हतं. अण्णांनी स्वतःच "फाऊल" म्हटलं आणि कप घालवला. आई आठवडाभर बोलली नाही.

खेळात तीन बॉल. लाल दोघांचा. बाकीच्या दोघांतला पांढरा अण्णांचा, पिवळा समोरच्याचा. काठीने दुसऱ्याचा बॉल मारला की फाऊल. गणपतीपासून अण्णांना हे दोन रंग वेगळे कळत नाहीत. डोळ्याचा पडदा गेलाय, आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आत त्यांना "वयाचं आहे" म्हणाले. अण्णा आपला बॉल कुठे थांबला ते लक्षात ठेवून खेळतात. दोन्ही बॉल जवळ आले की अंदाज. चुकला, तर त्यांच्याशी खेळणारा अनिल उरलेला बॉल आपला मानतो. क्लबात सगळ्यांनी तसंच चालवलंय, आणि मी फळ्यावर गुण मांडत आलेय.

उद्या सकाळी पुण्याची एसटी. साठीपुढच्यांची राज्य स्पर्धा. बॅग भरून झालीय. तिथे अनिल नसेल.

आज अण्णांचा हात छान चालत होता. वीस, पंचवीस, तीस. मग लाल आणि दोन्ही बॉल एका कोपऱ्यात गोळा झाले. अण्णा थांबले, काठीच्या टोकाला खडू लावला, आणि पिवळा मारला. सुरेख कॅनन, एका फटक्यात बाकीचे दोन्ही बॉल टिपले, दोन गुण. पुढचे तीन फटकेही पिवळ्यानेच.

"अडतीस," अण्णा म्हणाले. "काय रे अनिल, म्हातारा दमला नाही अजून?"

"तुम्ही कसले दमताय, काका. पुण्यात त्यांचीच हवा काढा." अनिलने माझ्याकडे बघितलं आणि पटकन खडू शोधायला लागला. खडू त्याच्या हातातच होता.

"निशे, मांड गो."

माझा हात फळ्यावर तीसवरच होता. पुण्यात पंच भरल्या हॉलमध्ये ओरडतील. अण्णा आधी इकडेतिकडे बघतील, दुसऱ्या कुणाचं चुकलंय असं वाटून.

"काय झालं गो? अडतीस."

"तीस," मी म्हटलं. "फाऊल, अण्णा. तुम्ही अनिलचा बॉल मारला. गणपतीपासून मारताय. तुम्हाला ते ओळखता येत नाहीत."