दुसऱ्या बाप्तिस्म्याची शिक्षा

दिवाकरराव उजागरे स्कूटर काढून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला गेले, की त्यांच्या घराच्या मागच्या दाराची कडी वाजायची. झाशीतल्या ओरछा गेटच्या त्या गल्लीत कडी कोण वाजवतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाकररावांनाही ते ठाऊक असावं, पण ते तसं दाखवत नसत. येणारी त्यांची सख्खी धाकटी बहीण कमळा होती.

त्या सकाळी मृदुलाबाई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत बसल्या होत्या.

“वहिनी, दादा गेला ना?”

“गेलेत. या वन्सं, बसा. ती दुसरी विळी घ्या.”

कमळाबाई पदर खोचून बसल्या. हात झरझर चालू लागले. सख्ख्या भावाच्या घरात चोरासारखं मागच्या दाराने यायचं, कैऱ्या चिरून द्यायच्या आणि भाऊ परतायच्या आत निघून जायचं, असं कितीतरी दिवस चाललं होतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला होता.

उजागऱ्यांचे आजोबा नगरकडून झाशीला रेल्वेच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उपासनेत हिंदी आणि गल्लीत बुंदेली, अशा तीन बोलींत त्यांच्या पिढ्या वाढल्या. गावातल्या एका जुन्या मंडळीत बाप-आजांचे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, आणि तिच्याच कबरस्तानात ते निजले. दिवाकरराव रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्या मंडळीचे चिटणीस झाले. शास्त्रवचनं त्यांना तोंडपाठ होती. कोणाचं तोंड बंद करायचं असलं की ती फार उपयोगी पडत.

कमळाबाईंचे यजमान जयंत साळवे आजारात खितपत पडले तेव्हा मंडळीत पंचांच्या निवडणुकीची धामधूम होती. दोन्ही गट मतांसाठी घरोघर फिरत होते. साळव्यांच्या घरी मात्र कोणी गेलं नाही, कारण आजारी माणूस मत द्यायला येणार नव्हता. त्या दिवसांत खंडेराव गेटकडे एका घरात प्रार्थना चालवणारे लोक त्यांच्याकडे आले. त्यांनी डबे आणले, रात्री जागवल्या, मातीला खांदा दिला. मग वर्षभराने त्यांनी आपला हिशेब मांडला. लहानपणी तुमच्या डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नव्हे, असं त्यांनी कमळाबाईंना सांगितलं आणि बेतवेच्या पाण्यात नेऊन त्यांना बुडवून काढलं. ज्याने केलेली सेवाही शेवटी माणूस पळवण्यासाठी असते, त्या धर्मवेडालाही आमचा दुरूनच नमस्कार!

“खरं सांगू वहिनी?” कैरीची कोय फोडताना कमळाबाई म्हणाल्या, “माझा पहिला बाप्तिस्मा खोटा होता असं मी कधी म्हटलं नाही. ते म्हणाले, ‘पानी में उतरो’, मी उतरले. हे गेल्यावर मला कोणी आगीत उतर म्हटलं असतं तरी उतरले असते. तेव्हा घरात दुसरं कोण येत होतं?”

मृदुलाबाई खाली मान घालून चिरत राहिल्या. तेव्हा न आलेल्यांत त्याही होत्या.

“मला काही नको आता. मेल्यावर ह्यांच्या शेजारी ठेवा, बस. जागा राखलेलीच आहे.”

मृदुलाबाईंच्या हातातली फोड निसटली. कारण वन्संना जे ठाऊक नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं. मंडळी सोडून दुसरा बाप्तिस्मा घेईल त्याला कबरस्तानात जागा नाही, असा ठराव पंचांनी केला होता, आणि तो मांडला होता दिवाकररावांनी. माणसं जाऊ नयेत म्हणून जिवंतपणी त्यांना धरून ठेवायचं या लोकांना जमलं नाही, तेव्हा त्यांनी मढ्यांना धाक घालायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात दुपारी आभाचा फोन आला. आभा ही कमळाबाईंची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवायची. तिने आईसारखा दुसरा बाप्तिस्मा घेतला नव्हता. ती जुन्या मंडळीतच होती. “मामी, आई उठत नाहीये. जल्दी या ना!”

मृदुलाबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. ऊन असं होतं, की संध्याकाळपर्यंतही देह ठेवणं कठीण. बर्फाच्या लाद्या आणून त्यांवर कमळाबाईंना निजवलं. बाहेरच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या गेल्या आणि पंच येऊन बसले. बहिणीच्या घरात दिवाकररावांनी किती काळाने पाऊल टाकलं होतं! त्यांनी आत जाऊन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि बाहेर येऊन चिटणिसाच्या खुर्चीत बसले.

“बहीण माझी आहे, दुःख मलाही आहे,” ते म्हणाले. “पण नियम म्हणजे नियम. आज आपल्यासाठी मोडला तर उद्या सगळेच मोडतील.”

हे ऐकून पंच धन्य धन्य झाले. बहिणीच्या प्रेतावर निःपक्षपातीपणाची कीर्ती मिळवणारा भाऊ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल.

तेवढ्यात खंडेराव गेटच्या घरातली प्रार्थना चालवणारे पास्टर हर्षित आले. तरुण, इस्त्रीचा सदरा, सोबत मोबाईल धरणारा एक चेला. “जय मसीह की,” म्हणत त्यांनी आभाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चेल्याला खूण केली. चेला प्रेताच्या चेहऱ्याचं चित्रण करू लागला.

“भैया, हे काय करताय?” आभाने पदर पुढे केला.

“बहन, सिस्टर कमळा की गवाही सबको दिखानी है. मृत कलीसिया से, उस पुरानी मंडली से निकलकर उन्होंने जीवन पाया.”

“जागा आहे का तुमच्याकडे?” मृदुलाबाईंनी विचारलं. “पुरायला?”

जागा नव्हती. बुडवायला नदी फुकट मिळते, पुरायला जमीन लागते. पास्टरजींनी शहराबाहेरच्या कुणाच्या तरी शेताचं नाव घेतलं, आणि वर अट घातली, की जुन्या मंडळीच्या पाळकाने तिथे प्रार्थना करायची नाही.

मग जे सुरू झालं ते लिहिताना किळस येते. ओट्याच्या एका अंगाला पंच, दुसऱ्या अंगाला पास्टर, दोघांच्या मांडीवर पवित्र शास्त्र. शास्त्रातल्या त्या बंदिशाळेच्या नायकाच्या घरादाराचा बाप्तिस्मा झाला तो शिंपडून की बुडवून? त्या घरात तान्ही मुलं होती की नव्हती? पानं फडाफडा उलटत होती. कोणी मोठ्याने वाचत होतं, कोणी त्याहून मोठ्याने. मधेच सरबत आलं, ते सगळ्यांनी घेतलं. आत बर्फ वितळत होता, आणि त्याचं पाणी उंबऱ्यावरून ओट्यावर, खुर्च्यांखाली पसरत होतं. एका पंचाच्या चपला भिजल्या. त्याने पाय वर घेतले, खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले, आणि वाद पुढे चालू ठेवला. ते पाणी कुठून येतंय हे त्याला कळत होतं.

ज्यांनी एकमेकांवर प्रीती करावी म्हणून ते पुस्तक लिहिलं गेलं, त्यांनी त्याची पानं दगडासारखी एकमेकांवर फेकावीत, आणि दोघांच्या मधे एक बाई सडण्याची वाट पाहत पडलेली असावी!

शेवटी जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी तोड सुचवली. ते स्वभावाने गरीब, पंचांच्या तोंडाकडे पाहून बोलणारे. “आभा बेटी, एवढं म्हण, की आईला फसवलं गेलं होतं, आणि तिला शेवटी पश्चात्ताप झाला होता. सगळ्यांसमोर म्हण. मग जयंतभाऊंच्या शेजारी जागा देता येईल. क्यों, दिवाकरजी?”

दिवाकररावांनी मान हलवली. “म्हण पोरी. एका वाक्याचं काम आहे.”

आभा उभी राहिली. बाबांच्या शेजारची ती राखलेली जागा तिच्या डोळ्यांपुढे होती. तिने तोंड उघडलं. “आईला...” एवढंच म्हणून ती थांबली. सगळे वाट पाहू लागले. पास्टरांच्या चेल्याने मोबाईल तिच्याकडे वळवला.

“नाही मामा,” ती म्हणाली. “आईला कसला पश्चात्ताप झाला नव्हता. ती तुमच्या दाराशी मागून यायची, त्याची लाज वाटायची तिला, बस. मी मेलेल्या आईवर झूठ नाही बोलणार.”

“मग आमचा नाइलाज आहे,” दिवाकरराव म्हणाले.

मृदुलाबाई उठल्या. रिक्षा करून ओरछा गेटला घरी गेल्या. चिटणिसाकडे असणारी कबरस्तानाची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असायची, ती काढून त्यांनी कमरेला खोचली. समोरच केशवरावांचं सिमेंट-सळ्यांचं दुकान होतं. केशवराव म्हणजे मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्या जुन्या घराण्यातले. कमळाबाईंना त्यांनी परकरात खेळताना पाहिलं होतं.

“भाऊजी, चार माणसं हवीत. दोन खोदायला, आणि चारही खांद्याला.”

“का हो वहिनी? तुमची मंडळी?” केशवरावांनी चष्मा काढला. “आणि आमचा खांदा तुमच्यात चालतो का? मी आपलं विचारतो हो, गैरसमज नको.”

“आज आमचाच आमच्यात चालत नाहीये, भाऊजी.”

केशवरावांनी दुकानाचं शटर ओढलं.

केशवरावांची माणसं कमळाबाईंच्या घरात शिरली आणि कमळाबाईंना पेटीत ठेवून बाहेर आली, तेव्हा ओट्यावरचा वाद थांबला. दिवाकरराव आडवे आले.

“किल्ली दे. तुला कोणी अधिकार दिला?”

“प्रभूचा देह ठेवायला स्वतःचं घर नव्हतं, कबरही नव्हती,” मृदुलाबाई म्हणाल्या. “अरिमथाईच्या योसेफाने स्वतःसाठी खोदलेली दिली. त्याने मंडळी विचारली नाही. तुम्ही दर वर्षी उत्तम शुक्रवारी हे वाचता. सुरेख वाचता.”

“बायकांनी मंडळीत शास्त्र शिकवू नये, असंही लिहिलंय.”

“मग पुरुषांनी निदान ते शास्त्र पाळावं. बाजूला व्हा.”

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच ‘बाजूला व्हा’ म्हटलं होतं. ते बाजूला झाले.

ख्रिस्ती बाईची पेटी हिंदूंच्या खांद्यावरून झाशीच्या रस्त्याने गेली. तिच्या मागून दोन बायका चालत होत्या, आणि त्यांच्या मागून, बऱ्याच अंतरावरून, दोन पंथांचे शास्त्री. फाटकाशी ते सगळे थांबले. जयंतरावांच्या शेजारी खड्डा तयार झाला तेव्हा पाळकसाहेब फाटकापर्यंत आले, पंचांकडे पाहिलं, आणि परत फिरले. मग मृदुलाबाईंनीच वाचलं, त्यांनीच प्रार्थना केली. आभाने माती लोटली. केशवरावांनी लोटली. ज्याच्या हाताची माती कमळाबाईंना सगळ्यांत आधी मिळायला हवी होती, तो भाऊ फाटकाबाहेर घड्याळ पाहत उभा होता. पास्टर हर्षितांनी तेवढ्यात भिंतीवरून चित्रण करून घेतलं होतं.

पुढे काय व्हायचं ते झालं. पंचांची सभा बसली. कुलूप बेकायदा उघडल्याबद्दल मृदुला दिवाकर उजागरे यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावं, असा ठराव झाला. चिटणीस म्हणून दिवाकररावांनी त्यावर सही केली.

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा दिवस, आला. मृदुलाबाई नेहमीच्या बाकावर बसल्या, शेजारी आभा. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला. आपण पुष्कळ जण असून एक शरीर आहोत, कारण आपण सगळे एकाच भाकरीचे वाटेकरी आहोत, असा त्याचा अर्थ. मग पंच भाकरीच्या ताटल्या घेऊन बाकांमधून फिरू लागले. त्या बाजूची ताटली दिवाकररावांच्या हाती होती.

ते बायकोपाशी आले. ताटली तिच्या पुढून सरकली आणि आभाच्या पुढे थांबली.

“नको, मामा.”

“आभा, लोक बघतायत.”

“बघू दे. मामीला नाही, तर मलाही नको.”

मागच्या बाकावर शर्वरीबाई होत्या, म्हाताऱ्या, कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. त्यांनीही हात मांडीवर ठेवला आणि मान हलवली. त्यांच्या सुनेने सासूकडे पाहून हात मागे घेतला.

बाकीच्यांनी मात्र घेतलं. कोणी खाली मान घालून, कोणी घाईघाईने, कोणी नेहमीसारखं.

मृदुलाबाई उभ्या राहिल्या. “पाळकसाहेब, ते दोन्ही ठराव फाडा. वन्संचाही आणि माझाही. तोवर दर महिन्याला मी इथेच बसेन, आणि दर महिन्याला तुम्ही ही ताटली माझ्या नाकासमोरून न्या. उद्या यांपैकी कोणी मेलं तर मी त्याचा बाप्तिस्मा विचारणार नाही. मला फाटक उघडायला बोलवा.”

दिवाकरराव ताटली धरून उभे होते. मागच्या कुठल्यातरी बाकावरून भाकरी चावण्याचा आवाज तेवढा येत होता.