ओल्या बाभळीची फळी

येरमाळ्याला हायवेलगत माझ्या नवऱ्याची, शांतलिंगांची, लाकूड कापायची आरा मशीन आहे. तिच्यात मी आजवर कधी नाक खुपसलं नव्हतं. अप्पांची बाभूळ आली आणि खुपसावं लागलं.

माझ्या माहेरी, माकणीला, आमच्या बांधावर माझ्या वडिलांनी लावलेलं ते झाड. अप्पा गेले आणि यंदाच्या वाऱ्यात झाडही आडवं झालं. माझ्या आईनं, अव्वानं, एवढंच मागितलं, "त्यातली एक काठवट दे गं महेश्वरी. भाकरीचं पीठ तिच्यातच मळीन." काठवटीजोगी रुंदी फक्त बुंध्याला होती, आणि त्यातून जाड फळ्या निघणार होत्या दोनच.

पहिली वाया गेली. करवतीचा पट्टा मध्येच भरकटला. फळी एका कडेला जाडजूड, दुसरीकडे पापड. वर डिझेलचा भपकारा, कारण ओला भुसा पट्ट्याला धरू नये म्हणून हे चिंधीनं डिझेल लावतात.

मी भडकलेच. "यात मळलेली भाकरी अव्वा खाणार का ट्रॅक्टर?"

"वलं लाकूड असंच करतंय. धार गेली असंल."

त्यांनी धार लावली. मी आधी एक फांदी कापायला लावली, तर तीही वाकडी. मग धारेचा काय दोष? मला एकदा प्रश्न पडला की घास गोड लागत नाही. मशीन बंद करायला लावून, पट्टा ज्यावर फिरतो त्या चाकावरचं झाकण उघडलं. भुसा आणि डिंक मिळून चाकावर टणक थर बसला होता, एका जागी चांगलं टेंगूळ. पट्टा त्यावर चढला की डुलायचा. थर नखानं निघेना. परातीला वाळलेलं पीठ असंच हट्टानं बसतं, आणि परात मी खरवडत बसत नाही, भिजवते.

"पाणी सोडा की."

"आधीच वलं, त्यावर आनी पाणी? खुळी का काय तू!"

"वाळल्यावर घट्ट बसतंय ते. वाळूच द्यायचं न्हाय."

कुरकुरतच त्यांनी चाकं भिजवून साफ केली. डब्यात पाणी, त्यात चमचाभर भांड्यांचा साबण, आणि नळीतून पट्ट्यावर थेंब थेंब. चाकाला टेकेल असा कपड्यांचा ब्रश पक्का बांधला. पुढची फांदी सरळ निघाली. ह्यांनी डबा पुन्हा स्वतःच भरला.

मग बुंधा लावला. हीही गेली तर अव्वाला काय तोंड दाखवू? पट्टा साबणाचा फेस उडवत या टोकापासून त्या टोकाला गेला. फळी सपाट.

ह्यांनी पट्टा कोरडा पुसला, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवला, फळीचा वास घेतला आणि स्पीकरवर अव्वाला फोन लावला. "मामी, काठवट हुतीया. पर एकच."

"एकच बास, जावईबापू," अव्वा म्हणाली. "आता जेवणारी मी एकटीच हाय न्हवं."

मला रडू आवरेना, तरी मी फोन ओढून घेतला. "एकटी कशी? पहिली भाकर आमी दोघं खाणार हाय. आमी आल्याबिगर तवा ठिवू नको."