सैल झाकणाची बरणी

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुनी काचेची बरणी. माझ्या झाकणाकडे कुणाचा हात वळला की माझ्या पोटात गोळाच येतो. मी जन्मापासून अशी संशयी नव्हते हो. हा स्वभाव मला नंतर जडला.

माझा जन्म भट्टीतला. लाल तापलेल्या काचेत एका कारागिराने फुंकर घातली आणि मला पोट आलं. त्या फुंकरीचा एक बुडबुडा अजून माझ्या बुडाशी अडकलाय, उजेडात धरलंत तर दिसेल. पुढे मी एका छोट्या दुकानाच्या फळीवर बसले. माझ्यात आंबटगोड गोळ्या असत. दुकानदाराचा डोळा पोरांच्या हातांवर, पोरांचा डोळा दुकानदाराच्या पाठीवर. आणि दुकानदारीणबाईंचा डोळा माझ्या झाकणावर! येता-जाता त्या ते करकचून पिरगाळत. "झाकण सैल राहिलं की मुंग्यांचं फावतं," म्हणत. त्या हाताला ती सवय कायमची लागली.

दुकान बंद पडलं, दुकानदारही गेले. बाईंनी मला घरी आणलं आणि माझ्यात साखर भरली. "काचेतली साखर कशी नजरेसमोर असते," असं कौतुक मी वर्षानुवर्षं ऐकलं. मग घरात हलके, न फुटणारे प्लास्टिकचे डबे आले आणि मी गेले माळ्यावर. सोबतीला एक मोडक्या खुर्चीचा पाय होता, तोही मुका. धुळीत बसून मी विचार करायची, ही माणसं मला विसरलीत की विसरल्यासारखं करतायत?

मला खाली काढलं ते बाईंच्या सुनेने. तिची लेक छकुली नुकती रांगायला लागली होती आणि तिच्या गुडघ्यांवर, तळव्यांवर लाल पुरळ उठलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उष्णता असेल, साबण असेल, नाहीतर फरशी पुसायचं औषधही असू शकेल." झालं! सुनेचा संशय मोरीतल्या निळ्या बाटलीवर गेला.

"बाहेर एवढी फुलं छापलीत," ती बाटली फिरवत म्हणाली, "आणि आत काय घातलंय ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. लपवायचं नसेल तर एवढं बारीक कशाला?"

तिने मला घासूनपुसून घेतलं. माझ्यात संत्र्याची सालं, गूळ आणि पाणी घातलं आणि मला मोरीतल्या कट्ट्याखाली ठेवलं. हे महिनोन्महिने मुरवायचं, गाळायचं आणि पाण्यात मिसळून फरशीला वापरायचं, असा तिचा बेत.

सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "घरात कचरा कुजवायचा आणि त्यानेच घर पुसायचं? आमच्या डोक्यात नाही कधी आलं बाई!"

"कचरा नाही, आई. सालं आहेत."

"केराच्या डब्यात जायची ती कचराच."

मित्रांनो, खरा घोळ पुढेच आहे. सालं मुरताना वायू सुटतो, म्हणून सून रोज सकाळी माझं झाकण सैल करून ठेवी. दुपारी सासूबाई मोरीत येत, झाकण सैल बघत आणि सवयीने करकचून आवळत. सून मनात म्हणे, यांना माझं काम नासवायचंय. सासू मनात म्हणे, हिला साधं झाकण लावता येत नाही. दोघीही एकमेकींना विचारत मात्र काही नव्हत्या. आणि मला तर वाचाच नाही!

अशातच सून तापाने आडवी झाली. सकाळी झाकण सैल करणारा हात येईना, दुपारचा मात्र चुकेना. माझं पोट तडतडायला लागलं. आतले बुडबुडे वर धावत आणि वाट न मिळून परत फिरत. पत्र्याचं झाकण फुगून वर आलं. बुडाशी कारागिराचा तो बुडबुडा होता ना, तिथून काच कुरकुरायला लागली. आणि नेमकी तेव्हाच छकुली रांगत आली. माझ्या पोटात नाचणारी नारिंगी सालं बघून तिने दोन्ही तळवे माझ्यावर टेकले. मी तेव्हा फुटले असते तर तुकडे कुणाच्या अंगात घुसले असते, हे मी सांगायला नको.

"अगं छकुले, मोरीत काय करतेस?" सासूबाई धावल्या. वाकल्या तर समोर फुगलेलं झाकण. त्या दचकल्या. लेकरू ओढून त्यांनी बाहेरच्या खोलीत ठेवलं, दार लोटलं आणि माझ्यावर जाड टॉवेल टाकून झाकण हळूहळू फिरवलं. फुस्स! फेसाचा लोट सालांसकट टॉवेलखालून उसळून त्यांच्या चष्म्यापर्यंत, केसांपर्यंत गेला.

आवाजाने सून भिंत धरत आली. "आई! झाकण घट्ट कुणी केलं?"

"मीच. रोज करते. तू सैल टाकतेस ना!"

"टाकत नाही, मुद्दाम ठेवते! वायू बाहेर जायला."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

 मग सासूबाईंनी केसातलं साल काढलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "वास मात्र वाईट नाही." सुनेला तापातही हसू फुटलं.

त्या दिवसापासून सालं मुरतात प्लास्टिकच्या बरणीत, मोरीतल्याच कडी लावलेल्या कपाटात. माझी जागा घेणारं प्लास्टिकच शेवटी माझ्या जागी फुगायला बसलं! पाणी तयार झालं तेव्हा सासूबाईंनी ते पातळ करून आधी स्वतःच्या मनगटाला लावलं, दिवसभर वाट बघितली आणि मगच फरशीला फडकं लावू दिलं. छकुलीचं पुरळ ओसरलं. निळी बाटली गेल्यामुळे की ऊन उतरल्यामुळे, कोण जाणे. सासूबाईंचा अजून ऊन उतरण्यावरच भरवसा आहे.

माझ्यात आता सुकवलेल्या सालांची पूड असते. सासूबाई ती चेहऱ्याला लावतात आणि कुणी बघत नाही ना, हे आधी तपासतात.

मित्रांनो, संशय आला तर खुशाल घ्या. बाटलीवर घ्या, बरणीवर घ्या. घरचं आहे म्हणून डोळे मिटू नका आणि लेकरांच्या हाताला लागेल असं काही ठेवू नका. पण संशय पोटात दाबून झाकण आवळू नका, तोंडाने विचारा. आमच्या मोरीतून आता रोज सकाळी हाक ऐकू येते, "अगं, सैल केलंस का?"

"केलं, आई."

तेवढं ऐकलं की माझ्या पोटातला गोळा खाली बसतो.